दोघांनी मिळून घाटवाट

नवरा-बायको दोघांनीच गाडी काढून सह्याद्री बघायचा असेल, तर वाई ते पोलादपूर हा रस्ता धरा. अंतर सुमारे ७५ किलोमीटर, पण अख्खा दिवस हाताशी ठेवा.

पसरणीचा घाट चढताना खाली वाई आणि धोम धरणाचं पाणी दिसत राहतं. पाचगणी-महाबळेश्वरच्या बाजारात फार रेंगाळू नका. वेळ द्यायचा तो क्षेत्र महाबळेश्वरला. तिथल्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचा उगम मानतात. दगडी गोमुखातून पडणाऱ्या धारेखाली ओंजळ धरून पाहा. एकाच डोंगरमाथ्यावरची कृष्णा पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते, तर सावित्री कोकणात उतरून बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. मला तर या प्रवासातलं सगळ्यात मोठं नवल हेच वाटतं.

पुढे आंबेनळी घाट, आणि वाटेत प्रतापगड. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवा. सारखा ब्रेक दाबला की तो तापतो आणि ऐनवेळी धरत नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. दोघांनाही गाडी येत असेल, तर आलटूनपालटून चालवा. स्टिअरिंगवर बसलेल्याला दरी बघायला मिळत नाही, आणि ती दोघांनीही बघायलाच हवी.

पावसाळ्यात या घाटात दरडी कोसळतात. तेव्हा निघण्याआधी रस्ता सुरू आहे ना, याची चौकशी जरूर करा.