इसाराची अमानत



न्यूयॉर्कमध्ये घराचा सौदा ठरला,
की खरेदीदाराच्या इसाराचा धनादेश
बहुधा विकणाऱ्याच्याच वकिलाच्या स्वतंत्र अमानत खात्यात जमा होतो.

सौदा फिसकटला, की तंटा उभा राहतो.

अशिलाने कितीही तगादा लावला,
तरी ती रक्कम त्याला परस्पर देता येत नाही;
कारण अमानतीपुरता हा वकील उभय पक्षांचा विश्वस्त असतो.

पुन्हा सांगतो, उभय पक्षांचा.

एकाच्या शिरी ही दुहेरी जबाबदारी टाकणारा रिवाज,
माझ्या मते, कलहाला आमंत्रणच.

सुज्ञ वकील मग रक्कम न्यायालयात भरून मोकळा होतो.

आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही,
कलम ८८ अन्वये,
‘माझा हक्क नाही, खरा हक्कदार ठरवावा’
असा दावा लावता येतो;
मुखत्याराला मात्र आपल्याच मालकाविरुद्ध तो सहसा लावता येत नाही.