आधी मीटर, मग उपाय



आज मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. विद्यापीठातल्या वर्गांच्या इमारतीला लागणारी वीज मोजायची कशी आणि ताडून पाहायची कशाशी?

काही वर्षांपूर्वी रविवारी रात्री मी अशाच एका इमारतीच्या मीटरसमोर वही घेऊन उभा होतो. दाराला कुलूप, आत चिटपाखरू नाही. तरी तासाला चार युनिट वीज जात होती. वायरमनला सोबत घेऊन मजला मजला फिरलो. वॉटरकूलर चालू, जिन्यातले दिवे चालू, संगणक कक्षातले यूपीएस चालू. वायरमन म्हणाला, "साहेब, सगळ्या कॅम्पसचं बिल एकच येतं. इथलं कुणाला कळणार?" इमारत वर्षाला सहा हजार तास बंद राहते असं धरलं, तरी ही 24,000 युनिट होतात.

वायरमनचं चुकलं नव्हतं. मीटर सबस्टेशनवर एकच. वसतिगृह, प्रयोगशाळा, पाण्याचे पंप आणि वर्ग, सगळ्यांचा हिशेब त्यात मिसळलेला. जिथे मोजणी नाही, तिथे जबाबदारीही कुणाची नसते.

आता ताडून पाहायची कशाशी, याकडे वळू. आपल्या देशात 2001 साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला, 2002 मध्ये ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी स्थापन झाली. 2007 मध्ये व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जा संहिता आली, 2017 मध्ये ती सुधारली गेली. 2009 पासून कार्यालयांच्या इमारतींना ऊर्जा-कार्यक्षमतेचे तारे मिळू लागले. ते तारे ठरवताना वर्षभराची युनिट भागिले चौरस मीटर हा निर्देशांक पाहतात. हवामान आणि वातानुकूलित भागाचं प्रमाणही विचारात घेतात. मुंबईच्या दमट हवेतली इमारत आणि नागपूरच्या उन्हाळ्यातली इमारत एकाच फूटपट्टीने मोजायची नाही, हा त्यातला शहाणपणा आहे.

पण वर्ग म्हणजे कार्यालय नव्हे. समजा, एका इमारतीचं क्षेत्रफळ 5,000 चौरस मीटर आणि वर्षाचा वापर दीड लाख युनिट. दुसरीचं क्षेत्रफळ 2,000 आणि वापर 90,000. बिल पाहिलं तर पहिली उधळी ठरते. क्षेत्रफळाने भागलं की पहिलीचा निर्देशांक 30 आणि दुसरीचा 45. म्हणजे दोष दुसरीकडे जातो. आता वेळापत्रक उघडा. पहिली वर्षाला 1,500 तास भरते, दुसरी दोन पाळ्यांत 3,000 तास. तासांनी भागलं की दर चौरस मीटरला तासाला पहिली 20 वॉट-तास घेते, दुसरी 15. निकाल पुन्हा फिरला! म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं आहे की वर्गांच्या इमारतीची तुलना करताना क्षेत्रफळाच्या जोडीला वापराचे तास आणि विद्यार्थीसंख्या धरलीच पाहिजे.

आणखी एक गोष्ट. कमी आकडा म्हणजे चांगली इमारत, असं नाही. बसलेला माणूस साधारण शंभर वॉट उष्णता बाहेर टाकतो. साठ मुलांच्या वर्गात ती सहा किलोवॉट होते. अशा वर्गात पंखे बंद ठेवून आणि अंधारात शिकवून निर्देशांक खाली आणता येईल, पण ती बचत मुलांच्या घामातून आलेली असेल. फळ्यावरचा उजेड आणि मागच्या बाकावरची हवासुद्धा मोजली पाहिजे.

मोजणी झाली की उपाय आपोआप समोर येतात. 75 वॉटच्या जुन्या पंख्याजागी 30 वॉटचा बीएलडीसी पंखा लावला, तर दहा पंख्यांच्या वर्गात 1,600 तासांत 720 युनिट वाचतात. खिडकीवर नीट सज्जा असला, तर दुपारी पडदे ओढून दिवे लावावे लागत नाहीत. छतावर सौर पॅनल जरूर बसवा. पण गळकं पिंप भरत बसण्याआधी गळती शोधा.

मित्रहो, इथून परत गेल्यावर प्रत्येकाने आपल्या संस्थेतली एक इमारत निवडावी. तिला स्वतंत्र सबमीटर बसवावा. वर्षभर दर महिन्याची नोंद ठेवावी, त्यात सुट्टीच्या रात्रीचा एक आकडा असावा. वर्षअखेरीचा निर्देशांक इमारतीच्या दारावर, विद्यार्थ्यांना दिसेल असा लिहावा. पुढच्या अधिवेशनाला येताना भाषणं नकोत; त्या नोंदवह्या घेऊन या. त्यांतूनच आपल्या वर्गांसाठी आपला स्वतःचा मापदंड तयार होईल.