फारखतीचा ताम्रपट



फिलिपाइन्स देशातील इतिहाससंशोधन हा आजचा विषय फलकावर वाचून काहींच्या मनात आले असेल की, कुठे जालना आणि कुठे मनिला! त्या देशाचे नाव आपल्या कानांवर येते ते बहुधा मॅगसेसे पुरस्काराच्या निमित्ताने. १९५८ साली हा पुरस्कार प्रथमच देण्यात आला, तेव्हा त्याच्या मानकऱ्यांत आपले विनोबाजी होते. एवढ्या ओळखीवर तासभर बसावे असे त्या देशात काय आहे? माझे उत्तर असे की, गुलामीतून उठलेल्या समाजाने आपला इतिहास कसा शोधावा आणि कसा शोधू नये, हे दोन्ही धडे तेथे एकाच ठिकाणी मिळतात.

सात हजारांहून अधिक बेटांचा हा देश. १५६५ पासून १८९८ पर्यंत तेथे स्पेनचे राज्य होते. पुढे अमेरिकेचे आले, मध्यंतरी जपानी फौजांनी देश व्यापला, आणि ४ जुलै १९४६ रोजी तो स्वतंत्र झाला. स्पेनच्या त्या सव्वातीनशे वर्षांत लोकांच्या मनावर एकच गोष्ट बिंबवली गेली : आम्ही येण्यापूर्वी तुम्ही रानटी होता. गुलाम माणसाचे आज हिरावून घेता येते, ते कष्टाने परत मिळवताही येते. पण त्याचे कालच हिरावून घेतले, तर उभे राहायचे कशावर?

हा प्रश्न पहिल्यांदा खऱ्या अर्थाने झोंबला तो होसे रिझाल या तरुणाला. पेशाने तो नेत्रवैद्य. १८८८ साली तो लंडनला गेला आणि ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जाऊन बसला. अंतोनिओ दे मोर्गा या स्पॅनिश अधिकाऱ्याने फिलिपाइन्सविषयी लिहिलेला आणि १६०९ साली मेक्सिकोत छापलेला ग्रंथ तेथे होता. रिझालने तो हाताने उतरवून काढला, त्यावर टिपा लिहिल्या आणि पॅरिसला छापला. परक्याच्याच साक्षीने त्याने दाखवून दिले की, आपल्या पूर्वजांना जहाजे बांधता येत होती, व्यापार येत होता, त्यांना स्वतःचे कायदे होते. ३० डिसेंबर १८९६ रोजी स्पॅनिश सरकारने त्याला गोळ्या घातल्या, तेव्हा तो अवघा ३५ वर्षांचा होता.

आपले इतिहासाचार्य राजवाडे हे रिझालहून दोनतीन वर्षांनी धाकटे. गावोगाव पायपीट करून, माळ्यावरची आणि पेटाऱ्यांतली दप्तरे धुंडाळून त्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध केली. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. दोघांची तळमळ एकच. फरक एवढाच की राजवाड्यांच्या देशी कागद घराघरांतून पडलेला होता, आणि रिझालला तो परक्याच्या राजधानीत शोधावा लागला.

परंतु रिझालच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिणाऱ्या ब्लूमेन्ट्रिट या त्याच्या मित्रानेच त्यात बजावले होते की, आजच्या मापाने कालची माणसे मोजू नयेत. अभिमान ही संशोधनाची आई असू शकते. तिला न्यायाधीश मात्र करता कामा नये.

ती तसे करू लागली म्हणजे काय होते, ते पाहा. १९१४ साली होसे मार्को नावाच्या गृहस्थाने मनिलाच्या सरकारी ग्रंथालयाला काही जुनी हस्तलिखिते दिली. त्यांत कलांतियाव नावाच्या राजाने १४३३ साली केलेली अठरा कलमांची दंडसंहिता होती. लोकांना हर्षवायू व्हायचा राहिला! स्पेनचे राज्य येण्याच्या शंभरावर वर्षे आधी आमच्याकडे लेखी कायदा होता! ती संहिता पाठ्यपुस्तकांत गेली, मुलांनी ती पाठ केली.

पुढे विल्यम हेन्री स्कॉट या अमेरिकन शिक्षकाने सांतो तोमास विद्यापीठात प्रबंधासाठी साधे प्रश्न विचारले. मार्कोच्या आधी हा कागद कोणी पाहिला होता? कोणीच नाही. १८३८ साली लिहिल्याचे सांगणारा लेखक स्पेनच्या राजाला ग्रंथ अर्पण करतो. पण १८३८ साली स्पेनच्या गादीवर राजा होता कुठे? गादी होती इसाबेला राणीची! १९६८ साली हा प्रबंध पुढे आला आणि संहिता बनावट ठरली. तरीही १९७१ साली तेथील सरकारने कलांतियावच्या नावाने एक सन्मान सुरू केला. तिला अधिकृतपणे खोटे म्हणायला २००४ साल उजाडले. गोड खोटे मरायला किती वेळ लागतो, हे ध्यानात घ्या.

आता नियतीचा विनोद पाहा. देश खोट्या कागदाला कवटाळून बसला असता खरा पुरावा नदीच्या गाळात पडून होता. १९८९ साली मनिलाजवळच्या लागुना प्रांतात वाळू काढताना एका माणसाला तांब्याचा पातळ पत्रा सापडला. त्यावर दहा ओळी. जावा बेटाच्या जुन्या कावी लिपीत, जुन्या मलय भाषेत, मधूनमधून संस्कृत शब्द. आन्तून पोस्त्मा या डच अभ्यासकाने त्याचे वाचन १९९२ साली प्रसिद्ध केले. मिती अशी निघाली : शक ८२२, वैशाख मास, कृष्ण पक्ष, चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन ९०० मधील २१ एप्रिल.

श्रोतेहो, ज्या शकाचे नाते आपली परंपरा येथून जवळच्या पैठणच्या शालिवाहनाशी जोडते, तो शक मनिलाच्या वेशीवर! आपल्याकडे त्या वेळी राष्ट्रकूटांचे राज्य होते. तेथील तगालोग भाषेत आजही गुरूला ‘गुरो’, तोंडाला ‘मुखा’, आशेला ‘आसा’ म्हणतात. हे ऐकून आपली छाती फुगते. पण येथेच आपणही सावध व्हावे. आपल्या सैन्याने ती बेटे जिंकल्याचा यात काडीइतका पुरावा नाही. हे शब्द, ही कालगणना जावा-मलायाच्या वाटेने गेली आणि तेथील लोकांनी आपल्या गरजेपुरती घेतली. यावरून दिग्विजयाच्या कथा रचू लागलो, तर आपलाही कलांतियाव उभा राहील.

आणि त्या ताम्रपटात आहे तरी काय? दिग्विजय नाही, राजस्तुती नाही. नामवरान नावाच्या माणसावर एक कटी आणि आठ सुवर्ण एवढ्या सोन्याचे, म्हणजे किलोभराच्या जरा आत, कर्ज होते. ते फिटले, आणि त्याची मुले मोकळी झाली. पुढे कोणी कर्ज बाकी आहे असे म्हणेल तर, एवढे म्हणून ओळ मध्येच तुटते. म्हणजे ही आहे फारखती!

‘सोने का पालना’ म्हणून मिरवणाऱ्या या व्यापारी गावात फारखतीचा अर्थ सांगायला नको. सावकाराचा रोखा काय असतो, हे आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. १८७५ साली सुप्याला शेतकरी उठले, तेव्हा त्यांनी रोखेच जाळले. बापाच्या कर्जातून मुले सुटली, याचा लेख तांब्यावर कोरून घ्यावासा वाटणे, यातच त्या समाजाचे चित्र उमटले आहे. तेथे वजने होती, पंचांग होते, अधिकारी होते, ऋणको होते आणि ऋणमुक्तीही होती. अठरा बनावट कलमांनी जे सांगता आले नाही, ते दहा खऱ्या ओळींनी सांगितले.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. सांचीच्या आणि भारहुतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांत या गावच्या लोकांची नावे दगडावर कोरलेली आहेत. १९७३ साली तेथे उत्खनन झाले, तेव्हा सातवाहनकाळच्या नांदत्या नगराचे अवशेष हाती आले. हेही कोणा चक्रवर्तीचे वैभव नव्हे. नावगाव सांगून दान देणाऱ्या साध्या माणसांचे आहे.

आणि आपल्या माळ्यावर काय आहे? मोडीतले रोखे, उर्दूतल्या सनदा, वतनाचे कागद, दुकानाच्या वह्या. यात आपला काय पराक्रम, म्हणून आपण ते रद्दीत घालतो. आणि पराक्रमाची कथा कोणी सांगितली की पुरावा न मागता टाळ्या वाजवतो. फिलिपाइन्सचा धडा नेमका याच्या उलट आहे. जो कागद आपली स्तुती करतो, त्याची दुप्पट कसून तपासणी करा. जो केवळ हिशेब सांगतो, तो जपून ठेवा. मोडी वाचणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. तेव्हा या सुटीत घरातल्या कोणी तरी एकाने पेटी उघडावी, कागद उन्हात न टाकता सावलीत झाडावेत, कोणता कागद कोणाचा ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे आणि मग जाणत्याला दाखवावेत. हजार वर्षांनी लोकांना आपण समजलो, तर ते बहुधा आपल्या एखाद्या पावतीवरूनच समजू.