घरचा कुत्रा आणि चित्रपटाचा पडदा

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका म्हणजे काळी नदीच्या खोऱ्यातील दाट अरण्याचा मुलूख. येथील विखुरलेल्या वाड्यांतून कुणबी आणि गवळी लोक राहतात, आणि त्यांच्या दारी कुत्रा असावयाचाच. गुरांमागे जावे, रात्री अंगणात पडून राहावे आणि बिबट्याची चाहूल लागताच भुंकून घर जागे करावे, ही त्याची चाकरी. ती त्याला फारशी शिकवावी लागत नाही. परंतु याच कुत्र्याला कॅमेऱ्यापुढे उभे करावे असे धन्याच्या मनात आले, तर मात्र पुष्कळ गोष्टींचा विचार करावयास हवा.

असे मनात येणे आज अगदीच नवलाचे नाही. याच कर्नाटकात तयार झालेला ‘७७७ चार्ली’ हा कन्नड चित्रपट १० जून २०२२ रोजी प्रदर्शित झाला. किरणराज के. यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात रक्षित शेट्टी यांच्या बरोबरीची भूमिका एका लॅब्रॅडॉर कुत्रीची आहे. उत्कृष्ट कन्नड चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला लाभला. तो पाहून आलेल्या मुलांना आपला मोती किंवा वाघ्या पडद्यावर दिसावा असे वाटले, तर त्यात आश्चर्य नाही.

तथापि एक गोष्ट प्रथमच ध्यानी घ्यावी. कुत्रा अभिनय करीत नाही. नायकाच्या मरणाचे दुःख त्याला ठाऊक नसते. शिक्षकाने हात खाली केला म्हणून तो पायांवर डोके टेकवितो, आणि आपण डोळे पुसतो. १९४३ साली गाजलेल्या ‘लॅसी कम होम’ या अमेरिकन चित्रपटातील लॅसी ही कुत्री वस्तुतः पाल नावाचा कुत्रा होता. भुंकण्याची आणि मोटारसायकलींमागे धावण्याची त्याची खोड मोडावी म्हणून त्याच्या धन्याने त्याला वेदरवॅक्स या शिक्षकाकडे धाडले होते. भुंकणे आवरले, पण मोटारसायकलींचा नाद सुटेना. तेव्हा शिक्षणाच्या पैशांऐवजी धन्याने कुत्राच शिक्षकाकडे ठेवला, अशी हकीकत सांगतात. अशा खोडकर कुत्र्यातूनही जगप्रसिद्ध नट घडला. शिकविणाऱ्याच्या अंगी चिकाटी मात्र हवी.

शिक्षणाची रीत साधी आहे. धडा पाच-दहा मिनिटांचाच असावा, दिवसातून दोन-तीनदा द्यावा आणि कुत्रा कंटाळण्यापूर्वी थांबवावा. हुकूम पाळताच, त्याच क्षणी खाऊ किंवा शाबासकी द्यावी. उशिरा दिलेले बक्षीस कशाबद्दल मिळाले हे त्याला उमगत नाही. संवाद ध्वनिमुद्रित होत असताना शिक्षकाला बोलता येत नाही, म्हणून प्रत्येक हुकूम हाताच्या खुणेनेही शिकवावा. नेमक्या जागी उभे राहावयास शिकविण्यासाठी आधी मोठे गोणपाट अंथरावे आणि ते घडी घालून हळूहळू लहान करीत न्यावे. कुत्रा नटाकडे पाहतो आहे असे दिसावयाचे असेल, तर शिक्षकाने नटाच्या पाठीशी उभे राहावे.

रानाकाठी वाढलेल्या कुत्र्याची खरी कसोटी वेगळीच असते. पान हलले तरी कान टवकारावे, हेच त्याचे शहाणपण. प्रखर दिवे, अनोळखी माणसांची गर्दी आणि क्लॅपच्या फळीचा खटका त्याला संकटासारखा भासतो. म्हणून त्याला आधी आठवड्याच्या बाजाराच्या कडेला न्यावे, मग थोडे आत. त्याची भीती मोडेपर्यंत पुढचे पाऊल टाकू नये. शेपटी पायांत घेणे, वारंवार ओठ चाटणे, झोप आलेली नसता जांभया देणे, ही अस्वस्थतेची चिन्हे होत. ती दिसताच त्या दिवसाचा धडा संपवावा.

कायद्याचेही हेच सांगणे आहे. प्राण्यांना निर्दयपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा, आणि खेळ करणाऱ्या प्राण्यांच्या नोंदणीचे नियम २००१ सालचे. चित्रपटात प्राणी वापरावयाचा तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाकडे रीतसर नोंदणी करावी लागते. प्राण्याला त्याच्या मूळ स्वभावाला धरूनच शिकवावे, आणि खेळ करवून घेण्यासाठी त्याचे अन्नपाणी तोडू नये, असे हे नियम बजावतात. उपाशी ठेवून शिकविलेला कुत्रा हुकूम पाळील. पण हाक मारताच आनंदाने धावत येणार नाही, आणि कॅमेऱ्याला तर तो आनंदच हवा असतो.

कुत्र्याला कीर्ती कळत नाही आणि मानधनही कळत नाही. धनी आपल्याला भलत्या ठिकाणी नेणार नाही, एवढ्या एकाच विश्वासावर तो दिव्यांपुढे उभा राहतो. तेव्हा हौस कोणाची आणि कष्ट कोणाचे, हे धन्याने आधी मनाशी ताडून पाहावे. ज्याला त्या गजबजाटात खेळाची मौज वाटते, त्याला अवश्य पुढे आणावे. ज्याची शेपटी तेथे खाली जाते, त्याला परत अंगणात न्यावे. त्याची तेथली चाकरी काही कमी मोलाची नाही.