गालांचा दाब आणि छातीचा दाब

पंगुनी महिन्यात मैलापूरच्या कपालीश्वराचा उत्सव भरला की मिरवणुकीत नादस्वरम् घुमू लागते. हे सनईच्या जातीचे, पण तिच्याहून बरेच लांब असे वाद्य होय. त्याच्या साथीचा ओत्तुवादक एकच आधारस्वर अखंड धरून ठेवी. श्वास घेताना गालांत साठवलेल्या हवेवर तो सूर चालवी. (पुढे हे काम बहुधा श्रुतिपेटीकडे गेले.) गालांचा दाब कोणता व छातीचा कोणता, हे श्रोत्यांना उमगत नसे. मुलांच्या श्वसनस्नायूंचे बळ मोजणाऱ्यापुढेही प्रथम हाच प्रश्न उभा राहतो.

मोजण्याची रीत साधी आहे. नाकाला चिमटा लावून मुलाने बंद नळी ओठांत धरायची, छाती भरून घेऊन सर्व शक्तीनिशी फुंकायचे. मग छाती रिकामी करून तितक्याच जोराने हवा ओढायची. हवा जवळजवळ हलत नाही, दाब तेवढा उत्पन्न होतो. तो पाण्याच्या स्तंभाच्या सेंटिमीटरांत सांगतात. ओढण्याचे काम मुख्यतः मध्यपटलाचे, म्हणजे छाती व पोट यांमधील स्नायुमय पडद्याचे. फुंकण्याचे काम बव्हंशी पोटाच्या स्नायूंचे. परंतु घसा मिटून नुसत्या गालांनीही दाब निर्माण करता येतो. म्हणून ब्लॅक आणि हायट यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत नळीला एक बारीक छिद्र ठेवले होते. गालांतली थोडकी हवा त्यातून निसटून जाते. छातीतली हवा पुरून उरते. दाब सुमारे एक सेकंद टिकला, तरच तो धरायचा.

मुलाच्या मनाला मात्र असे छिद्र पाडता येत नाही. ते बुजते, कंटाळते, अर्धाच जोर लावते. आकडा मोठा आला, तर स्नायू दुबळे नाहीत हे निश्चित; लहान आला, तर ते दुबळे आहेतच असे नव्हे. पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेतील २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १२ ते १५ वर्षांच्या २० शाळकरी मुलांना सहा महिने आसने व प्राणायाम शिकवले असता दोन्ही दाब वाढले. यात स्नायूंची वाढ किती आणि जोर लावण्याची समज किती, हे केवळ आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही.

ड्यूशेन स्नायुक्षयाच्या मुलाच्या बाबतीत ही संदिग्धता जिवावर बेतू शकते. त्याचे खोकण्याचे बळ हळूहळू ओसरते आणि कफ छातीत साचू लागतो. ‘पोराने नीट फुंकले नाही’ असे म्हणून त्याचा घसरता आकडा सोडून देणे परवडत नाही. अशा वेळी तेच मोजमाप काही महिन्यांनी पुन्हा घेतात, आणि जोडीला एक सोपी युक्ती योजतात: एका नाकपुडीत दाब मोजणारी बोंडी बसवायची आणि मुलाला दुसरीने जोरात हुंगायला सांगायचे. हुंगणे त्याला शिकवावे लागत नाही.