सपाट कागदावरचे वळण

(बनशंकरी, बंगळूर येथे मराठी वाचकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ॲनिमेशनवरील एका पुस्तकाचा मराठी अनुवाद करताना ज्या प्रकरणापाशी मला सर्वांत अधिक काळ थांबावे लागले, त्याच प्रकरणाविषयी मी आज बोलावे अशी सूचना आपण केलीत. एकाच पात्राची निरनिराळ्या बाजूंनी काढलेली चित्रे आणि निरनिराळ्या अंतरांवरून घेतलेली दृश्ये एकमेकांशी कशी सांधावीत, हा त्या प्रकरणाचा विषय. तो तांत्रिक आहे खरा. परंतु त्याला मराठी शब्द शोधता शोधता मी ज्या माणसांपर्यंत पोहोचले ती माणसे याच कर्नाटकातली आहेत आणि घरी मराठीचीच एक बोली बोलतात. म्हणून हा विषय येथे मांडणे मला अगत्याचे वाटले.

प्रथम अडचण काय आहे ते पाहू. रंगभूमीवरचा किंवा बोलपटातला नट मान वळवतो तेव्हा त्याची मान खरोखरच वळते. कॅमेऱ्याने फक्त पाहावयाचे असते. कागदावरच्या रामाला मान नसते, मानेचे चित्र असते. समोरून दिसणारा राम हे एक चित्र, बाजूने दिसणारा राम हे दुसरे आणि पाठमोरा राम हे तिसरे. या तिघांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. तो संबंध चित्रकाराने निर्माण करावयाचा असतो आणि प्रेक्षकाने तो मान्य करावयाचा असतो. सेकंदाला 24 चौकटी पडद्यावरून सरकतात. सामान्यतः एक चित्र दोन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला 12 चित्रे. हातांनी चित्रे काढणारा कलावंत या बारांपैकी तीनचार चित्रे मान वळविण्यावर खर्च करू शकतो. पण जेथे पात्राचे हात, पाय, धड, मस्तक वेगवेगळे कापून सांध्यांनी जोडलेले असतात, तेथे ही सवलत नाही. तेथे एक मस्तक उचलून त्या जागी दुसरे ठेवावे लागते. आज हे काम संगणकावर होते, कात्री गेली. अडचण जशीच्या तशी राहिली.

मस्तक बदलताना ते उडी मारते. डोळ्यांची रेषा केसभर वर गेली, हनुवटी खांद्यापासून किंचित सरकली, तरी पाहणाऱ्याला खटकते. यावर कारागिरांनी काढलेले उपाय साधे आहेत. मान सरळ रेषेत न वळविता किंचित खाली झुकवून वळवावी. वळणाच्या मध्यावर पापणी मिटावी. किंवा हाताच्या एखाद्या वेगवान हालचालीच्या आड बदल उरकून घ्यावा. आणि चौथा उपाय, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: दृश्य तोडण्याची जागा हीच मान वळविण्याची जागा करावी. दुरून दिसणारा राम बाजूने दाखवावा, त्याने वळण्यास नुकता आरंभ करावा, तेथे दृश्य तोडावे, आणि पुढच्या जवळच्या दृश्यात त्याचा चेहरा जवळजवळ आपल्याकडे वळलेला असावा. मधले वळण कोणीही काढलेले नसते. तरीही प्रेक्षकाला विचारा. तो शपथेवर सांगेल की त्याने ते पाहिले.

यातूनच एक नियम निघतो. अंतर बदलताना बाजूही बदलावी. तोच चेहरा त्याच बाजूने थोडासा मोठा करून दाखविला, तर पात्र जवळ आल्यासारखे न वाटता चित्र हिसका बसून सरकल्यासारखे वाटते. शिवाय मोठे केलेले लहान चित्र हे जवळचे दृश्य नव्हेच. रेषा जाड होतात आणि जेथे काही काढलेलेच नव्हते तेथे काहीच दिसत नाही. जर्मनीच्या लोटे रायनिगर यांनी 1926 साली राजपुत्र अहमदाच्या साहसांवरील आपला छायापट पूर्ण केला. काळ्या कागदाच्या सांधेदार आकृती कात्रीने कापून त्यांनी तो उभा केला. जवळच्या दृश्यांसाठी त्या मस्तक आणि खांदे यांची वेगळी, मोठी आकृती कापीत. पात्र एक, पण अंतरागणिक बाहुली निराळी. त्यांची पात्रे बहुधा बाजूनेच दिसतात, यालाही कारण आहे. निव्वळ काळ्या छायेत समोरचा चेहरा म्हणजे एक लंबगोल. नाक, ओठ, हनुवटी ही बाजूनेच बोलतात.

आता शब्दांचा प्रश्न. चेहऱ्याच्या या बाजूंना मराठीत काय म्हणावे? पाऊण वळलेल्या चेहऱ्याला ‘त्रिचतुर्थांशदर्शन’ म्हणावे असे मला सुचविण्यात आले होते. शब्द निर्दोष आहे; फक्त तो उच्चारेपर्यंत पात्र पाठमोरे होते. आपल्याकडच्या लघुचित्रांच्या परंपरेत याहून सरळ पद्धत होती. चित्रकार डोळे मोजीत. बाजूने दिसणारा चेहरा एकचष्म, समोरचा दोचष्म, आणि मधला दीडचष्म. आपला ‘चष्मा’ याच फार्सी शब्दाच्या कुळातला. मोजण्याची ही रीत कारागिराची आहे. किती डोळे काढावयाचे तेवढे ती सांगते. अनुवादात मी हीच नावे घेतली आहेत. ‘क्लोज-अप’ मात्र तसाच ठेवला, कारण तो मराठीत केव्हाच रुळला आहे.

याच बनशंकरीत ‘धातु’ ही संस्था लाकडी सूत्रबाहुल्यांचे खेळ करते. आपल्यापैकी अनेकांनी मुलांना घेऊन ते पाहिले असतील. ती बाहुली भरीव असते. दोरी ओढली की वळते. आपली अडचण तिला शिवतही नाही. ती शिवते चामड्याच्या बाहुलीला, जिला कन्नडमध्ये तोगलु गोंबे म्हणतात. बकऱ्याचे किंवा हरणाचे कातडे पारदर्शक होईपर्यंत कमवून, कोरून, रंगवून ती तयार करतात आणि दिव्याच्या उजेडात पांढऱ्या पडद्यावर टेकवून नाचवितात. रायनिगर यांच्या आकृतीसारखी ती निव्वळ काळी छाया नसते. डोळा, दागिने, वस्त्रावरची नक्षी हे सारे रंगांसह पडद्यावर उमटते. परंतु ती सपाट असते. आणि हा खेळ करणारा किळ्ळेक्यात समाज घरी मराठीची बोली बोलतो. खेळ कन्नडमध्ये, घर मराठीत. कोप्पळ जिल्ह्यातील मोरनाळच्या भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर यांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली, ती याच कलेसाठी.

या कलावंतांनी सपाटपणाचे काय केले? एक म्हणजे त्यांनी बाजूंची मिसळ एकाच शरीरात केली: चेहरा एकचष्म, छाती समोरून, पावले पुन्हा बाजूने. असा माणूस जगात कोठे उभा राहत नाही, पण बाहुलीत तो शोभतो, कारण प्रत्येक अवयव जेथून नीट ओळखू येतो तेथूनच दाखविलेला असतो. दुसरे, प्रसंगानुसार एकाच पात्राच्या अनेक बाहुल्या ठेवल्या. राजवाड्यातील राम वेगळा, वनवासातील वेगळा. काही ठिकाणी तर बाहुली एकट्या पात्राची नसतेच. एकाच कातड्यावर दरबाराचा सबंध प्रसंग कोरलेला असतो. बाहुल्यांचे आकारही लहानमोठे असतात. पण येथे एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. राजा मोठा आणि सेवक लहान, तो प्रतिष्ठेने, अंतराने नव्हे. म्हणून बाहुलीवाल्यांनी क्लोज-अप शोधून काढला असे अभिमानाने सांगण्याचा मोह आवरावा. त्यांचा प्रश्न आणि चित्रपटाचा प्रश्न एका जागी मिळतो, सर्वत्र नाही.

मिळतो तो विशेषतः बाहुली उलटविताना. पात्राला तोंड फिरवावयाचे असले की काठी गर्रकन फिरवितात. उजवीकडे पाहणारा भीम डावीकडे पाहू लागतो. कातडे पारदर्शक असल्याने चित्र दोन्ही बाजूंनी दिसते. संगणकावर काम करणारा तरुण हेच एका कळीने करतो आणि श्रम वाचले म्हणून खूष होतो. पण उलटविलेले चित्र हे वळलेले पात्र नव्हे, ते आरशातले पात्र आहे. उजव्या हातातली तलवार डाव्या हातात जाते. नऊवारीचा पदर खांदा बदलतो. आणि गणपती उलटवा: डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा झालेला पाहून कोणत्याही मराठी घरातले आजोबा खुर्चीतून उठतील! गदा एका पडद्यावर हात बदलते ते कोणी मनावर घेत नाही, कारण वळण डोळ्यांसमोर, एका झटक्यात घडलेले असते. चित्रपटात मात्र दोन दृश्यांच्या मध्ये असे उलटविले तर दिशांचाच गोंधळ होतो. राम पडद्याच्या डाव्या अंगाला उभा राहून उजवीकडच्या रावणाकडे पाहत आहे. आता रामाचा क्लोज-अप आला आणि त्यात तो डावीकडे पाहू लागला, तर दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरविली असे प्रेक्षक समजेल. दोन पात्रांना जोडणारी एक कल्पित रेषा धरून तिच्या एकाच अंगाला सर्व दृश्ये ठेवावयाची, हा संकेत बोलपटाइतकाच ॲनिमेशनलाही लागू आहे.

सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळीत, ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्यांबरोबर चित्रकथीही जपली. तेथे कथेची सुटी चित्रे क्रमाने लावलेल्या संचाला ‘पोथी’ म्हणतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली असतात आणि निवेदक कथा सांगत एकामागून एक दाखवितो. चित्रपटाच्या दृश्यांचा आराखडा प्रथम चित्रांनी मांडतात, त्याला ‘चित्रपोथी’ हा शब्द मी तेथूनच उचलला. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये 1956 साली डिस्नेच्या संस्थेत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी आपल्या चित्रकारांना धडे दिले, तेव्हा पात्राच्या सर्व बाजू एका पत्रावर काढून ठेवण्याची पद्धत इंग्रजी नावानिशी रूढ झाली. त्यात गैर काहीच नव्हते. परंतु त्या इंग्रजी नावांमुळे आपली अशी समजूत झाली की मराठीला या कामाचा अनुभवच नाही.

अनुभव आहे, तो कोशात नाही, बोलीत आहे. बाहुलीच्या सांध्याला, काठीला, उलटविण्याला, कातड्याच्या जाड आणि पातळ बाजूला पडद्यामागे आपसांत काय म्हणतात, ते बळ्ळारी-कोप्पळकडे जाऊन, कन्नड आणि मराठी दोन्ही जाणणाऱ्या माणसाने बसून ऐकावयास हवे. बंगळुरातील मराठी माणसाइतका या कामाला योग्य दुसरा कोण सापडणार? माझ्या अनुवादापुरते सांगावयाचे तर, त्या प्रकरणात सांध्याच्या आणि काठीच्या शब्दांपाशी मी पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या आहेत. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, तर तेथले शब्द बदलता यावेत म्हणून.