ध्रुवावरील आकाशाचा कानोसा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात हिंगोली येथे दिलेले व्याख्यान)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवप्रसंगी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, सारा जन्म खडू-फळ्याच्या सहवासात घालविलेला मनुष्य. तथापि निवृत्तीनंतर ज्या विषयाने माझे मन वेधून घेतले, तो यथामती आपणांपुढे ठेवतो. ध्रुवप्रदेशावरील अत्युच्च वातावरणाचा अभ्यास निर्जन स्थळी बसविलेल्या रेडिओ-ग्राहकांनी कसा करतात, हा तो विषय होय. हिंगोलीकरांस त्याचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येईलच.

जमिनीपासून सुमारे ६० किलोमीटरांच्या वर हवा अतिशय विरळ असते. सूर्यकिरणांमुळे तेथील काही कण विद्युतभारित होतात. या थरास आयनांबर म्हणतात. शिवाय सूर्यापासून विद्युतभारित कणांचा वारा अहोरात्र वाहत असतो. पृथ्वीचे चुंबकत्व त्यास बहुतांशी अडविते. परंतु चुंबकीय बलरेषा ध्रुवांजवळ भूमीकडे वळत असल्यामुळे त्या वाटेने पुष्कळ कण खाली उतरतात. ध्रुवीय प्रकाशाचे हिरवे-तांबडे पडदे त्यांच्याचमुळे झळकतात. सूर्यावर खळबळ उडाली की तिचे पडसाद ध्रुवप्रदेशाच्या आकाशात सर्वाधिक उमटतात, ते यामुळेच.

हे पडसाद टिपण्याचे एक साधन म्हणजे रिओमीटर. कार्ल जान्स्की या अमेरिकन अभियंत्याने १९३३ साली जाहीर केले की आकाशगंगेकडून रेडिओ-लहरींची मंद खरखर सतत येत असते. ती २३ तास ५६ मिनिटांच्या नाक्षत्र दिवसाच्या क्रमाने कमीअधिक होते. तिचा उपयोग करून घेणारे यंत्र लिटल आणि लाइनबाख यांनी अलास्कातील संशोधनातून सिद्ध केले व १९५९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. यामागचे तत्त्व सोपे आहे. गावच्या देवळातील काकडआरतीची घंटा आपणांस रोज ठरावीक ऐकू येते. एके दिवशी ती दबकी वाटली, तर घंटा बदलली नसून मध्ये कोणीतरी दार लोटले आहे, असे आपण ताडतो. त्याचप्रमाणे शांत दिवशी खरखर किती असावी हे ठाऊक असले, म्हणजे ती जेवढी घटली त्यावरून ६० ते ९० किलोमीटर उंचीवर किती कण उतरले याचे अनुमान निघते.

आपल्या देशाचे अंटार्क्टिकावरील मैत्री हे केंद्र १९८९ पासूनचे. पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेने तेथे चुंबकमापकांबरोबर रिओमीटरही बसविला. सुमारे ३८ मेगाहर्ट्झ कंपनसंख्येवर तो आकाशाचा कानोसा घेतो. असे यंत्र वस्तीपासून दूरच हवे. कारण मोटारी, विजेच्या तारा आणि कारखाने यांच्या गोंगाटात ती मंद खरखर बुडून जाते.

या संस्थेची मूळ परंपरा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्याच्या क्षोभाने जगभर चुंबकीय वादळ झाले, तेव्हा तेथील निरीक्षकांनी डोळ्यांनी मापे वाचून हाताने नोंदविली. तब्बल १४४ वर्षांनंतर, २००३ साली, त्याच नोंदींवरून शास्त्रज्ञांनी त्या वादळाचे सामर्थ्य ठरविले. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे दिसताच नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत चुंबकीय वेध अलिबागेस हलविण्यात आले. १९०४ पासून तेथे नोंदी सुरू झाल्या, आणि ट्राम विजेवर धावू लागली १९०७ साली. आजूबाजूस गोंगाट नाही, हाच त्या आडगावाचा गुण ठरला.

या विद्येचा व्यवहारात उपयोग काय? १३ मार्च १९८९ रोजी अशाच वादळाने कॅनडातील क्विबेक प्रांताची वीज गेली आणि साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात राहिले. ध्रुवाजवळून जाणाऱ्या विमानांचा रेडिओ-संपर्कही अशा वेळी तुटतो. आपल्या कित्येक घरांतील मुले आज अमेरिकेस जातात-येतात. तेव्हा हा विषय आपल्या उंबरठ्यापासून फारसा दूर नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. हिंगोलीस मागासलेला, एका बाजूस पडलेला म्हणण्याची प्रथाच पडली आहे. परंतु औंढा नागनाथाजवळ दुधाळा येथे गुरुत्वलहरींच्या वेधशाळेची, लायगो-इंडियाची, जागा निवडली गेली आणि ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांस मंजुरी दिली. तो विषय निराळा. पण निवडीचे एक कारण ओळखीचे आहे. येथील भूमी शांत आहे, माणसाची वर्दळ कमी आहे. ज्यास आपण उणीव म्हणत होतो, तेच विज्ञानास हवे होते.

बंधूंनो, खरी अडचण आपल्या घरांत आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या एका मुलीस पदार्थविज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी दूरच्या शहरी प्रवेश मिळाला होता. 'एवढ्या लांब एकटीने कशास जायचे?' म्हणून घरच्यांनी तो सोडावयास लावला. मुलगी बुद्धिमान होती आणि आईबापही प्रेमळ होते. आड आले ते केवळ अंतर. नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत १९८३-८४ च्या मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासमवेत अंटार्क्टिकास गेल्या, हे आपण मुलींस सांगितले पाहिजे. इस्रोच्या मंगला मणी यांनी तर वयाच्या ५६ व्या वर्षी भारती केंद्रावर ४०३ दिवस काढले. आपल्याच नरसीचे नामदेव महाराज पायी पंजाबात घुमानपर्यंत पोहोचले. दूर जाणे ही या मातीस नवी गोष्ट नव्हे.

म्हणून माझी दोन मागणी आहेत. मंडळाची शिष्यवृत्ती आज वैद्यक व अभियांत्रिकी यांपुरतीच आहे. तिच्यात शुद्ध विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी, आणि त्यांतही मुलींसाठी, निदान दोन जागा राखाव्यात. दुसरी मागणी पालकांपाशी. मुलाने वा मुलीने 'दूर जातो', 'दूर जाते' म्हटले, तर अंतर विचारण्याआधी काम कोणते ते विचारावे. दूरच्या ओसाड ठिकाणी वर्षानुवर्षे चिकाटीने नोंदी करणारी माणसे लागतात. ती आपल्या घरांतूनही निघावीत, एवढीच या वृद्ध शिक्षकाची इच्छा आहे.